आमची वाटी काय पळून चालली होती?

पत्र लांब आहे, थोडं कापून देते.

"मी ६२ वर्षांची, बँकेत ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. राहणार इंदूर, लोकमान्य नगर. मुलगा उत्तराखंडात मुक्तेश्वरला नोकरीला आहे. सुनेच्या बाळंतपणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे होते. आमच्या वरच्या अंगाला एका पहाडी बाईंचं घर. त्या माझ्याच वयाच्या असतील. सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. त्यांच्या पुतण्यानं जीप काढून आम्हाला हल्द्वानीला नेलं. नंतरचे तीन महिने रोज दूध, आठवड्यातून दोनदा काहीतरी शिजवलेलं, आणि बर्फ पडून दोन दिवस वीज गेली तेव्हा निखाऱ्यांनी भरलेली शेगडी. संक्रांतीला बाळासाठी घुघुत्यांची, म्हणजे गुळाच्या पिठाच्या तळलेल्या आकारांची, माळसुद्धा आणली. पैशांचं विचारलं की नुसत्या हसायच्या. मला ते ओझं वाटायला लागलं. निघायच्या आदल्या दिवशी पाच हजार रुपये पाकिटात घालून त्यांच्या हातात दिले. त्यांनी घेतले. सकाळी निरोप देताना माल्ट्यांची पिशवी दिली. गाडीत बसल्यावर फळ काढायला हात घातला, तर तळाशी माझंच पाकीट. उघडलंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून फोनवर मी 'दीदी'ची 'मॅडमजी' झाले आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे. काय करू? दुसरं असं की, अशी माणसं आपल्या इंदुरात का उरली नाहीत? आणि नेताना चिरोटे नेऊ का? — इंदूर-मुक्तेश्वर-इंदूर

ता. क. चार महिन्यांनी घर उघडलं तर तुळस टवटवीत. किल्ली समोरच्या वहिनींकडे होती."

सप्रेम नमस्कार.

माल्ट्यांखाली पाकीट ठेवणारी ती बाई मला फार आवडली. पैसे नको असले तर तोंडावर परत करता येतात. दारात उभं राहून "घ्या हो", "नको हो" करत अर्धा तास काढता येतो, आपल्याकडे त्याशिवाय पाहुणा निघतच नाही. त्यांनी तुमच्या मुला-सुनेसमोर तुम्हाला खाली बघायला लावलं नाही. पाकीट घेतलं, रात्रभर घरात ठेवलं आणि सकाळी अशा जागी घातलं की घाट उतरेपर्यंत ते तुमच्या हाताला लागू नये. मनाला लागलेलं असतानाही तुमचा मान राखला. असं माणूस 'मॅडमजी' म्हणतं तेव्हा दार लावून घेतलेलं नसतं. जरा पुढे केलेलं असतं, इतकंच.

तुमचं पाकीट वाचून मला माझी वाटी आठवली. लग्न होऊन मी इंदुरात आले ती रामबागेतल्या एका वाड्यात. सात बिऱ्हाडं आणि मधल्या चौकात एक नळ. पहिल्याच महिन्यात समोरच्या काकूंनी वाटीभर पुरण पाठवलं. पितळेची, कल्हई केलेली, जड बुडाची वाटी. वाटी रिकामी परत करायची नाही हे माहेरून शिकून आले होते, म्हणून दुपारभर खपून रव्याचे लाडू वळले आणि दिवेलागणीच्या आत चार लाडू घालून वाटी पोचती केली. मनात म्हटलं, आता म्हणतील, सून हुशार आहे. काकूंनी लाडू ताटलीत काढले, वाटी पालथी करून बुडावर कोरलेलं स्वतःचं नाव पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढी काय घाई होती गं? आमची वाटी काय पळून चालली होती?"

मला वाटलं, लाडू बिघडले. रात्री एक खाऊनही पाहिला, चांगला होता.

काकूंना काय म्हणायचं होतं ते कळायला पुढची दोन-तीन वर्षं गेली. वाटी आठ-दहा दिवस माझ्या फडताळात राहिली असती तर त्या येता-जाता "वाटी राहिलीय हो आमची" म्हणून डोकावल्या असत्या, मी बसा म्हटलं असतं, चहा झाला असता. मी त्याच संध्याकाळी फेड करून टाकली. किराणावाल्याची उधारी मिटली की दुकानाची पायरी चढायचं कारणही संपतं, तसंच झालं. पुढे त्यांनी तीच वाटी विरजण घालून पुन्हा पाठवली, ती मात्र मी कधीच परत केली नाही. वाडा पडला, काकू गेल्या, वाटी माझ्याकडेच आहे. आजही विरजण तिच्यातच लावते.

आता तुमचं पाकीट. तुम्ही ३४ वर्षं बँकेत काढलीत. संध्याकाळी जमा-नावे जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. तीन महिन्यांचं दूध, जीपचं डिझेल, कोळसा, डाळ असा हिशेब तुम्ही मनाशी मांडला असणार, नाही म्हणू नका. बरं, रक्कम किती, तर पाच हजार! वर एक रुपयासुद्धा नाही. अहो, आपल्याकडे लग्नात आहेर करताना ५०१ करतो, मुंजीत १०१ करतो. तो वरचा एक रुपयाच सांगतो की हा व्यवहार नव्हे. सपाट पाच हजार म्हणजे बिल झालं.

पैसे दिले म्हणून त्या दुखावल्या असं मला वाटत नाही. कुमाऊंतही, म्हणजे मुक्तेश्वरच्या त्या मुलखातही, निघताना कपाळाला पिठ्या लावून, म्हणजे आपल्या कुंकू-अक्षतांसारखा टिळा लावून, हातावर नोट ठेवायची रीत आहे. आपण नाही का भाच्याच्या हातावर खाऊला म्हणून पैसे ठेवत? तीच नोट, फक्त उघड्या तळहातावर आणि लहानांच्या. पाकीट बंद केलं, मोठ्या बाईच्या हातात दिलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी पकडायची होती, या तिन्हींनी मिळून त्याची मजुरी झाली.

त्यांचं दूध तुम्ही कसं मोजलंत, कोण जाणे. आपल्याकडे दूध पिशवीतून येतं. तिथे त्या दुधामागे आधी गवत असतं, ते उतारावर वाकून विळ्यानं कापायचं, भारा बांधून चढ चढायचा. थंडीत गवत वाळलं की बांजाचा, म्हणजे तिकडच्या ओक झाडाचा, पाला. त्याच बांजाचं लाकूड जळून जो निखारा होतो तो तासन् तास धगतो, तुमच्या शेगडीत बहुधा तोच असेल. शेगडीला तिकडे सगड म्हणतात, शब्दसुद्धा जवळचाच. आणि तुम्ही लिहिलं आहे की त्यांनी दिलेली गहतची डाळ तुमच्या ओळखीची निघाली. निघणारच, गहत म्हणजे आपले कुळीथ. मडुवा म्हणजे नाचणी. बाळंतिणीच्या घरी थंडीत कुळीथ आणि नाचणी पाठवणारी बाई कुमाऊंची काय नि कोकणातली काय!

(पत्राशी संबंध नाही, पण राहवत नाही म्हणून सांगते. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवली. बुळकांडीसारख्या साथीच्या रोगांवर काम करायचं तर वस्तीपासून दूर, थंड जागा हवी होती. म्हणजे आपल्या मुलखातून तिकडे बिऱ्हाड हलवणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही. शिवाय कुमाऊंतल्या पंत मंडळींच्या घराण्यांतून आपले पूर्वज महाराष्ट्रातून आले असं पूर्वापार सांगतात.)

त्या गावातली माणसं देवमाणसं आहेत असं तुमच्या पत्राच्या दुसऱ्या भागातून ध्वनित होतं. तिथे मी थोडं थांबवते. सात-साडेसात हजार फुटांवरचं गाव. घरं उतारावर सुटी सुटी, कामाची तरणी माणसं हल्द्वानी-दिल्लीकडे गेलेली, मोठा दवाखाना घाट उतरून दोन-अडीच तासांवर. हिवाळ्यात बर्फ, पावसाळ्यात दरड, अंधार पडला की बिबट्याची धास्ती. अशा जागी रात्री दोनला जीप काढणाऱ्या पोराच्या मनात चांगुलपणा असतोच, पण उद्या आपल्या घरचं कुणी आजारी पडलं तर खालच्या घरातलं कुणीतरी उठेल, हेही असतं. शेतीच्या कामाला एकमेकांकडे जायची तिकडे जुनी रीत आहे, पल्टा म्हणतात. आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या. आपल्याकडचे शेतकरी इर्जिक घालायचे, सावड करायचे, त्यातलंच ते. इर्जिकीला आलेल्या माणसाला पोटभर जेवू घालतात. त्याला मजुरी विचारलीत तर बैल सोडून घरी जाईल. तुम्ही मजुरी विचारलीत.

आणि एवढी जवळीक फुकट मिळत नाही हेही सांगून ठेवते. वरच्या घरातून तुमच्या धुराड्याचा धूर दिसतो म्हणून काळजी घेता येते. त्याच धुरावरून तुमची सून किती वाजता उठते हेही अख्ख्या गावाला ठाऊक असतं. पाहुणी म्हणून चार महिने ते गोड लागतं, सुनेला विचारा कसं लागतं. शिवाय ज्या नौल्याचं, म्हणजे दगडानं बांधलेल्या झऱ्याचं, पाणी पिऊन गावं जगली, त्या नौल्यावर सगळ्या जातींच्या घागरी पूर्वी बुडत नव्हत्या. आपल्या आडांचीही तीच कथा. तेव्हा डोंगरातली माणसं चांगली आणि आपण बिघडलो, असं सरसकट मला मान्य नाही.

इंदुरात अशी माणसं उरली नाहीत, असं लिहिलंत आणि खाली ताज्या कलमात तुळस टवटवीत! चार महिने म्हणजे सुमारे १२० दिवस. समोरच्या वहिनी रोज कुलूप काढून आत येत होत्या, तांब्याभर पाणी घालत होत्या, बहुधा खिडक्याही उघडत असतील, नाहीतर बंद घराला वास मारतो. त्यांना किती हजारांचं पाकीट दिलंत? दिलं नसणार. सुचलंच नसेल. बाल मिठाईचा डबा दिला असेल, "थंडी कशी होती" म्हणून त्यांनी विचारलं असेल, आणि तासभर कट्ट्यावर गप्पा झाल्या असतील. म्हणजे तुम्हाला येतंय की! फक्त डोंगरावर गेल्यावर तुम्ही पाहुण्या झालात आणि हात आपोआप पर्सकडे गेला.

इंदुरात फरक पडलाय तो मला जागेचा वाटतो. वाड्यात नळावर भेट व्हायची. आता नळ घरात आला. पण रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते तेव्हा ओला-सुका डबा घेऊन आमची अख्खी गल्ली खाली असते. २०१७ साली शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि पुढेही येत राहिलं, त्याचं कौतुक सगळे करतात. मला त्यातून आणखी एक मिळालं. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी, नोकरी करणारी पोरगी तापानं फणफणलीय, हे मला डबा रिकामा करताना कळलं. तीन दिवस तिचा डबा मी खाली नेला. चौथ्या दिवशी बरी होऊन तिनं मला यूपीआयनं पैसे पाठवायला नंबर विचारला. पिढीच हिशेबाची, तुम्हाला एकटीला काय बोलू? तिला म्हटलं, पैसे नकोत, माझ्या फोनमधले फोटो भरलेत ते कुठेतरी हलवून दे. तेव्हापासून रविवारी सकाळी पोहे खायला येते.

तर आता करायचं काय.

ते पाच हजार पर्समध्ये परत ठेवा आणि त्या पैशांचं नाव पुन्हा काढू नका. फोनवर माफी मागू नका, "तुम्हाला वाईट वाटलं का" असंही विचारू नका. त्यांनी जे न बोलता केलं त्याचा तुम्ही बोलून चोथा कराल. पैशांऐवजी साडी किंवा मिक्सर पाठवायचं मनात असेल तर तेही नको, कुरिअरनं आलेलं खोकं म्हणजे मोठं पाकीटच.

मागा. हेच माझं तुम्हाला मुख्य सांगणं. तीन महिन्यांत तुम्ही त्यांच्याकडे एकदाही काही मागितलं नाहीत, सगळं न मागता आलं, म्हणून तर ओझं झालं. आज दुपारी फोन लावा आणि म्हणा, दीदी, मी इथे भट्टाची चुडकाणी करायला बसलेय, तुमच्यासारखी दाट होत नाही, आप बताओ ना. तिकडचे काळे भट्ट, म्हणजे काळे सोयाबीन, पिशवीत असतीलच, येताना दिल्याशिवाय त्यांनी सोडलं नसणार. त्या सांगतील, भाजायचे किती, तांदळाचं पीठ कधी लावायचं. मध्ये एकदा "अरे, लोहे की कढाई में करो" म्हणून ओरडल्या, की समजा, मॅडमजी गेली आणि दीदी आली. बाळाबद्दलही विचारत जा, पोट दुखलं तर तुमच्याकडे काय करतात, मालिश कशानं करतात. ऐकून सगळं घ्यायचं, करायचं ते डॉक्टरांना विचारून.

जायचं पाडव्यानंतर ठरवलं असेल तर तिकीट जरा आधीचं मिळतंय का बघा. त्यांचा चैत्र सौर, तो मार्चच्या मध्याला लागतो आणि त्या दिवशी फूलदेई असते. सकाळी सकाळी पोरं टोपल्या घेऊन निघतात आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर फुलं वाहतात. बुरांश तेव्हा लालभडक फुललेला असतो. पोरांना तांदूळ, गूळ, नाणी द्यायची. तुम्ही उंबऱ्यावर बसा आणि येईल त्याच्या हातावर ठेवा, वरच्या घरातल्या नातवंडाच्या हातावर थोडं जास्त. त्या दिवशी तिथे कुणी नको म्हणणार नाही. त्यांनी घुघुत्यांची माळ आणली तेव्हा तुम्ही बाळाला हलव्याचे दागिने घातलेले होते, असं पत्रात पुढे आहे. काळ्या झबल्यावर पांढरा हलवा आणि त्यावर गुळाच्या पिठाची ती तपकिरी माळ. त्या फोटोची एक मोठी प्रत काढून घेऊन जा. मोबाइलवर पाठवू नका, कागदावर काढा.

आणखी एक. तुमच्या हातात जे आहे ते पैशांहून बरं आहे. अशा गावात बायकांच्या खात्यांचे घोळ असतात. कुणाच्या पासबुकात नाव चुकलेलं, कुणाचं केवायसी अडकलेलं, नवऱ्यामागे खात्याला वारसाचं नाव लावायचं राहिलेलं, हयातीचा दाखला वेळेत न दिल्यानं पेन्शन थांबलेली. उन्हात चटई टाकून बसा आणि चष्मा लावा. पहिल्या दिवशी एक येईल, चौथ्या दिवशी पाच येतील. अर्ज भरून द्या, कुठे सही करायची ते दाखवा. पण कुणाचा पिन ऐकून घेऊ नका आणि कुणाचे पैसे हातात घेऊ नका, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या बाईंचं काम पहिल्या दिवशी करू नका, त्या मागतील तेव्हाच करा. कदाचित उन्हाळा जाईल.

एवढं करूनही बरोबरी होणार नाही. बाळंतपणाची ती रात्र तुम्हाला फेडता येणार नाही आणि त्यांनाही ती फेडून नको आहे. राहू द्या तुमच्या नावावर.

चिरोट्यांचं म्हणाल तर नका नेऊ. काठगोदामच्या पुढे नुसती वळणं, डबा उघडाल तेव्हा आत पिठीसाखर आणि चुरा. शेव न्या, ती आपल्याकडचीच हवी आणि जाडी हवी. आणि जिरावण, म्हणजे आपला पोह्यांवरचा मसाला, न्या. मडुव्याच्या गरम रोटीवर तूप आणि वरून चिमूटभर जिरावण घालून त्यांना द्या, पोह्यांवर काय लागेल असं लागतं. किलोभर बांधून घेऊ नका, पाव किलोच न्या. संपलं की त्या मागतील.